पुन्हा हात देता येईल असं पॉलिश

मुंबईत पॉलिशचं काम काढायचं तर आधी महिना बघावा, मग डबा उघडावा. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असते. अशा दिवसांत लॅकरचा हात मारला की थोड्याच वेळात लाकडावर पांढरट छटा धरते. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, आणि थंड पडलेल्या त्या ओल्या थरावर हवेतलं बाष्प जमून आत अडकतं. चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशलाही हा त्रास होतो. दोन डब्यांच्या पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, दुखणं वेगळं. त्याचा हार्डनर, म्हणजे थर कडक करणारा दुसरा डबा, ओलाव्याशी क्रिया करतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक बुडबुडे राहून जातात. तेलाचा हात तर पावसाळ्यात कितीतरी दिवस बोटाला चिकटत राहतो. सावकाश उडणारं रिटार्डर थिनर मिसळून वेळ मारून नेता येते, आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असेल तर मिस्त्री तेच करतात. पण काम स्वतःच्या घरचं असेल तर पाऊस उघडेपर्यंत थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर सुतारकाम करावं, घासून ठेवावं.

ओलाव्याशी नातं फक्त पॉलिशचं नसतं, लाकडाचंही असतं. झाड तोडून, कापून, वाळवून त्याचं टेबल झालं तरी लाकूड हवेतलं पाणी घेत आणि सोडत राहतं. ८५ टक्के आर्द्रतेत बराच काळ ठेवलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सतरा-अठरा टक्के पाणी असतं. तेच लाकूड एसी सतत चालणाऱ्या, ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत राहिलं तर ते प्रमाण नऊ टक्क्यांवर येतं. या येण्याजाण्यात फळी रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. सागवान या बाबतीत गुणी लाकूड. तरीही दोन फूट रुंदीची सागवानी फळी वर्षभरात काही मिलिमीटर हलू शकते. कपाटाचे ड्रॉवर पावसाळ्यात अडकतात आणि जानेवारीत सुळसुळीत चालतात, ते याच कारणाने.

बहुतेक लोकांना वाटतं की वरून पॉलिश केलं म्हणजे लाकूड बंद झालं. तसं होत नाही. कुठलंही पॉलिश, कितीही महागडं असलं तरी, बाष्पाची ये-जा फक्त मंद करतं. म्हणून दोन्ही बाजूंना ती सारखीच मंद झाली पाहिजे. माझ्या आत्याकडे भरीव सागवानाचं जेवणाचं टेबल होतं, वरून आरशासारखं चकाकणारं. करणाऱ्याने खालची बाजू कोरी सोडली होती, कारण ती कुणाला दिसत नाही. पावसाळ्यात खालचं लाकूड पाणी पीत फुगायचं, वरचं जागच्या जागी राहायचं, आणि टेबलाच्या कडा वर उचलल्या जायच्या. ताटात आमटी वाढली की ती एका बाजूला सरकायची. फर्निचर बघायला गेलो की मी आधी वाकून खालून हात फिरवतो. दुकानदाराला ते आवडत नाही, पण त्या एका स्पर्शात कामाची बरीच माहिती मिळते.

पॉलिश निवडताना लोक दोन प्रश्न विचारतात. चकाकेल का आणि टिकेल किती? मी त्यांच्या आधी तिसरा विचारतो: ते खराब झाल्यावर दुरुस्त कोण करणार, आणि कसं? खराब तर ते होणारच आहे. गरम पातेलं टेकेल, पोरं पेन्सिलने कोरतील, गळक्या खिडकीतून पाणी येईल. मुंबईच्या घरात वस्तूला बाजूला ठेवायला जागा नसते, रोज तिच्यावरच सगळं चालतं. मग त्या एका डागासाठी सगळं टेबल घराबाहेर काढून मशीनने घासायचं, की बोटभर पॉलिश घेऊन तेवढीच जागा नीट करायची, हा फरक फार मोठा आहे.

माझी पहिली निवड चपडा का, ते यातून कळेल. चपडा म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, तपकिरी ते फिकट सोनेरी रंगाच्या. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. फांद्यांवरून ते खरवडतात, धुतात आणि वितळवून त्याचे पातळ पत्रे ओढतात. धुताना जो लाल रंग सुटतो तो पूर्वी आळत्यासाठी वापरत. देशातली सर्वाधिक लाख झारखंडच्या पट्ट्यातून येते, आणि तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ साली संशोधन संस्था उभी राहिली. आपल्याकडची सावंतवाडीची लाकडी खेळणी बघितली असतील, तर कातावर (लेथवर) फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून चढवलेला रंग तुमच्या परिचयाचा आहे. आपण गिळतो त्या औषधी गोळ्यांच्या आवरणातही शेलॅक, म्हणजे हीच लाख, असतं. तान्ह्या बाळाच्या पाळण्याला काय लावू असं कुणी विचारलं की मी हे सांगतो.

एक लिटर स्पिरिटमध्ये शंभर-सव्वाशे ग्रॅम चपडा टाकून रात्रभर ठेवायचा, मधून मधून हलवायचा आणि सकाळी मलमलीतून गाळून घ्यायचा. एका वेळी लागेल तेवढाच करावा. भिजवलेला चपडा महिनोन्महिने ठेवला की तो नीट कडक होईनासा होतो, बोट लावलं की ठसा उमटतो. पापड्या मात्र कोरड्या, थंड जागी बऱ्याच टिकतात. पॉलिश लावायला मलमलीच्या फडक्यात कापसाचा बोळा बांधायचा. बोळा पॉलिशने भरायचा, पण दाबला तर गळता कामा नये. लाकडावर तो वरून थेट ठेवायचा नाही. विमान धावपट्टीवर उतरावं तसा सरकत टेकवायचा, दुसऱ्या टोकाला सरकतच उचलायचा. मध्ये थांबला की खालचा थर उचकटलाच. स्पिरिट मिनिटभरात उडतं, म्हणून एका संध्याकाळीत बरेच हात होतात. बोळा ओढू लागला तर तेलाचा एक थेंब. शेवटी ते तेल नुसत्या स्पिरिटच्या हलक्या हाताने काढून टाकायचं. याला आपल्याकडे फ्रेंच पॉलिश म्हणतात, आणि मुंबईतल्या जुन्या घरांमधली कपाटं, आरामखुर्च्या, पियानो, सगळं याच हाताने झालेलं असायचं.

चपड्याचा मोठा गुण असा की नवा हात जुन्या हाताला विरघळवून त्यात मिसळतो. दहा हात दिले तरी शेवटी थर एकच. चाळीस वर्षांपूर्वीच्या खुर्चीवर आज बोळा फिरवला तरी नवं आणि जुनं एकजीव होतं. आमच्या घरी आजोबांची आरामखुर्ची आहे. तिच्या हातांवर, म्हणजे जिथे मनगट टेकतं तिथे, पॉलिश दर काही वर्षांनी उडतं. तेवढ्याच भागावर मी दोन-तीन हात देतो. बाकी खुर्चीवर आजोबांच्या काळातला रंग तसाच आहे, कारण तो काढायची वेळच येत नाही.

चपड्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत. साठ-सत्तर अंशांच्या पुढे तो मऊ पडतो, म्हणून चहाचा कप ठेवला की गोल उमटतो. अल्कोहोल तर त्याचं द्रावकच, स्पिरिट म्हणजे तेच. कोविडच्या काळात लोक दाराच्या मुठी, खुर्च्यांचे हात, देव्हाऱ्याच्या चौकटी सॅनिटायझरने पुसत होते आणि पॉलिश चिकट होऊन फडक्याला येत होतं. सॅनिटायझरमध्ये साधारण सत्तर टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे वेगळं काही होणार नव्हतं. याच गुणाचा एक उपयोग सांगतो. जुन्या फर्निचरवर कोणतं पॉलिश आहे ते ओळखायचं असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर चपडा. स्पिरिटने काही झालं नाही पण लॅकरच्या थिनरने मऊ पडलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पीयू किंवा मेलामाइन हे दुसरं कडक पॉलिश. ही चाचणी केल्याशिवाय जुन्या वस्तूला पॉलिश पेपर लावू नये.

पीयूबद्दल माझ्या मनात आकस नाही. घरात एकच टेबल, त्यावरच जेवण, अभ्यास, इस्त्री आणि भाजी निवडणं असेल तर तिथे पीयू हवं. दोन डब्यांचं पीयू पाणी, उष्णता, हळद, तेल सगळं झेलतं. हार्डनर मिसळल्यावर ते काही तासांत वापरून संपवावं लागतं, आणि एकदा घट्ट झालं की थिनरला दाद देत नाही. त्याचं बळ आणि त्याची अडचण, दोन्ही तिथेच आहेत. नवा हात जुन्यात विरघळत नाही, म्हणून मध्ये ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून बारीक ओरखडे पाडावे लागतात, तेव्हा कुठे वरचा थर धरतो. खोल ओरखडा गेला तर तेवढ्याच जागी भरलेल्या पॉलिशची कड दिसत राहते. बहुतेक वेळा संपूर्ण फळी घासून पुन्हा करावी लागते. शिवाय हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. बंद फ्लॅटमध्ये, नाकाला रुमाल बांधून ते स्प्रे करणारी मुलं मी ओशिवऱ्याच्या गाळ्यांत आणि चालू इंटिरियरच्या घरांत पाहिली आहेत. आयसोसायनेटमुळे दमा जडतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की थोड्याशा वासानेही त्रास होतो. काम घरी चाललं असेल तर रुमालावर भागवू नका, मिस्त्रींना योग्य मास्क आणून द्या. स्प्रेच्या वेळी तर साधा फिल्टरही पुरा पडत नाही, बाहेरची हवा पुरवणारा मास्क लागतो. तो मिळणार नसेल तर घरात स्प्रे करून घेऊ नका. मेलामाइनच्या वासात फॉर्मल्डिहाइड असतं. तान्हं मूल किंवा दमेकरी असलेल्या घरात मी ते सुचवत नाही.

पाण्याच्या आधाराचं पीयू फ्लॅटमध्ये बरं पडतं. वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो आणि वर्षांनंतर ते पिवळं पडत नाही. मात्र सागवानावर ते निर्जीव दिसतं, तेलकट सोनेरी झाक येत नाही. खाली मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात दिला की ती झाक येते. मेण काढलेलाच का? साध्या चपड्यात थोडं नैसर्गिक मेण असतं, आणि त्या मेणावर पीयू नीट धरत नाही, पापुद्रे सुटतात.

सीलरबद्दल दुकानात सर्वात जास्त घोटाळा ऐकू येतो. सँडिंग सीलर मारला म्हणजे पाणी शिरणार नाही, असं समजून लोक त्याचेच चार-चार हात देतात. त्याचं काम तेवढंच: लाकडाची छिद्रं भरायची, उभे राहिलेले रेशे पकडून ठेवायचे, आणि घासल्यावर भुकटी होऊन सहज निघायचं. त्यासाठी त्यात झिंक स्टिअरेट असतं, म्हणून पॉलिश पेपर चोंदत नाही. पण तेच स्टिअरेट थराला मऊ ठेवतं. जाड सीलरवर कडक पीयू बसवलं की खालचं मऊ, वरचं कडक, आणि धक्क्याला वरचा थर तडकतो. एक पातळ हात, मग बरंचसं घासून काढणं, एवढंच पुरे. खरं तर कुठल्याही पॉलिशचा पहिला पातळ हात हेच काम करतो. चपडा लावायचा असेल तर वेगळा सीलर मी घेतच नाही.

या सगळ्याच्या आधी घासकाम येतं, आणि त्यात माझा जीव सर्वात जास्त रमतो. १२० नंबर, मग १८०, मग २२०, नेहमी रेशांच्या दिशेने. मधला नंबर गाळला की आधीच्या कागदाचे ओरखडे राहतात, आणि ते पॉलिश चढल्यावरच दिसतात. २२० नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू द्यायचं. दबलेले रेशे उभे राहतात, तेव्हा हलक्या हाताने पुन्हा घासायचे. फळीच्या टोकाकडची आडवी बाजू पॉलिश जास्त पिते आणि काळपट दिसते, तिला एक नंबर पुढे घासलं की फरक कमी होतो. फेविकॉलचे डाग वाळून पारदर्शक होतात, त्यामुळे दिसत नाहीत, पण तिथे स्टेन चढत नाही आणि पॉलिशनंतर फिकट ठिपके उमटतात. म्हणून खिडकीजवळ फळी तिरकी धरून उजेडात बघायची सवय लावावी. सागवानात स्वतःचं तेल असतं. त्यामुळे वार्निश आणि तेल वाळायला अडथळा होतो, म्हणून हात देण्याच्या थोडंच आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावं.

बाहेरच्या देशांतले लाकूडकामाचे व्हिडिओ बघून आपल्याकडची हौशी मंडळी जवसाच्या तेलाच्या प्रेमात पडतात. हार्डवेअरवाल्याकडे ते बेलतेल म्हणून मिळतं. कोरड्या, थंड हवेत ते सुंदर काम करतं. इथे पावसाळ्यात, बंद कपाटात, भिंतीला टेकलेल्या पाठीवर त्याच तेलावर बुरशी वाढते, कारण बुरशीला ते खाद्य आहे. ड्रॉवरच्या आत लावलं तर कपड्यांना महिनोन्महिने वास येतो. आतल्या बाजूला चपडाच लावावा. तेल वापरायचंच असेल तर एक गोष्ट कधीही विसरू नका. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि काडी न लावता आग लागते. फडकी एकेक करून पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. लाकडी जिन्यांच्या चाळीत राहणाऱ्यांना हे मी हात जोडून सांगतो.

खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही. पोळपाटाला कुणी खोबरेल चोळतं, त्याला पुढे खवट वास येतो. पोळपाट कोराच ठेवावा, लाटण्याखाली कुठलाही थर टिकत नाही, तो पिठात उतरतो.

समुद्राकडे तोंड असलेल्या दारं-खिडक्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पावसाइतकंच ऊनही घात करतं. पारदर्शक थरातून अतिनील किरण आत जातात, लाकडाचे रेशे धरून ठेवणारं लिग्निन मोडतं, आणि थर चांगला असूनही खालचं लाकूड सुटतं म्हणून तो सोलून येतो. अशा ठिकाणी अतिनील किरण अडवणारं, जहाजांसाठी बनवलेलं वार्निश घ्यावं आणि दर एक-दोन वर्षांनी घासून नवा हात द्यावा. सागवानाच्या चिवटपणाबद्दल शंका असेल तर त्रिंकोमाली नावाची युद्धनौका आठवा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानात ती बांधली, १८१७ साली ती पाण्यात उतरली, आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती तरंगते आहे. लाकूड टिकतं. त्यावरचा हात पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

म्हणूनच चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, शिसवी कोरीवकामाच्या खुर्च्या जाड पीयूखाली चकाकताना दिसल्या की मला त्रास होतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत असं काळसर शिसवी, बारीक नक्षीचं फर्निचर बनत होतं, आणि ते जगभर बॉम्बे ब्लॅकवूड म्हणून ओळखलं जातं. पानाफुलांच्या खोल नक्षीत पीयू साचतं, कडा गोल होतात, आणि पुढच्या माणसाला ते काढायचं तर नक्षीसकट घासावं लागतं. चपडा असता तर स्पिरिट आणि मऊ ब्रशने काम झालं असतं. जुनी वस्तू विकत घेतलीत तर दुकानदाराला पॉलिश न करता देण्याचा आग्रह धरा. तो थोडी घासाघीस करेल, पण देईल.

सध्या माझ्या गॅलरीत भाचीच्या बाळासाठी पाळण्याचं काम चालू आहे. सागवान घासून तयार आहे. मेण काढलेला चपडा, पातळ हात, आतून, बाहेरून आणि खालूनही. दांड्यांना मूल दात येताना चावणार, तिथला थर उडणार, आणि तो भाचीच्याच घरी, स्पिरिटची बाटली आणि मलमलीचा तुकडा घेऊन, भरून काढता येईल. तळाच्या फळीला आतल्या बाजूने मी पेन्सिलने लिहून ठेवतो: लाकूड कोणतं, खाली कोणता हात, वर कोणता, कोणत्या महिन्यात दिला. पाळणा पुढे ज्याच्या घरी जाईल त्याला डबा उघडण्याआधी थेंबाची चाचणी करावी लागणार नाही. पापड्यांची एक पुडी पाळण्यासोबत देईन, आणि हात द्यायची रीत भाचीला समोर बसवून दाखवीन. ती म्हणते, मामा, दिवाळीपर्यंत होईल ना? यंदा पाऊस वेळेत उघडला तर होईल.